कुलपाची किल्ली

मागच्या भागात आपण पहिला खर्डा पूर्ण कसा करायचा ते पाहिलं. आज त्याहून त्रासाचं काम: लिहून झालेली किशोर कादंबरी पुन्हा लिहायची कशी?

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहिली, मग आम्हालाच इतके खर्डे का, असं हमखास कोणीतरी विचारतं. गुरुजींकडे वर्षानुवर्षं जपलेल्या आईच्या आठवणी होत्या. माझ्याकडे एक अर्धवट कल्पना होती आणि मला पाच खर्डे लागले.

गोष्ट इंदूरची. मोठा भाऊ एका रात्री न सांगता घर सोडून जातो, मागे तेरा वर्षांचा धाकटा राहतो. पहिल्या खर्ड्यात निवेदक मोठा भाऊ होता, चाळिशीत मागे वळून बघणारा. म्हणजे पुस्तक मुलांसाठी आणि आवाज काकांचा. हार्पर ली यांचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. १९५७ मध्ये त्यांनी दिलेल्या हस्तलिखितात सव्वीस वर्षांची नायिका गावी परत येते. संपादक टे हॉहॉफ यांना त्यातला बालपणाचा भाग जिवंत वाटला आणि त्यांनी तिकडून लिहायला सांगितलं. दोनेक वर्षं पुनर्लेखन झालं आणि १९६० मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आलं. ते पहिलं हस्तलिखित २०१५ मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ या नावाने छापलं गेलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. लेखक कुठे उभा राहतो याने काय बदलतं, ते माझ्या बोलण्यापेक्षा लवकर कळेल.

मीही धाकट्याला निवेदक केलं. मग एका वहीत प्रत्येक प्रकरणापुढे एकच गोष्ट लिहिली: इथे निर्णय कोणी घेतला? चोवीस प्रकरणांपैकी नऊच ठिकाणी त्या मुलाचं नाव आलं. बाकी बाबा, मावशी, वर्गशिक्षक. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात पैसे नसतात, एकट्याने प्रवास करता येत नाही, हे खरंच. पण दादाचं पत्र बाबांच्या आधी उघडायचं की नाही, हे तो ठरवू शकतो. असे छोटे निर्णय शोधण्यात दुसरा खर्डा गेला. भाषेला मी तोवर हात लावला नव्हता. जे प्रकरण उद्या काढून टाकायचं, त्यातली वाक्यं घासण्यात अर्थ नाही.

तिसरा खर्डा भाषेचा. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणारा पोरगा ‘मी संभ्रमात पडलो’ म्हणत होता! मोठ्याने वाचलं की अशी वाक्यं आपोआप अडतात.

मग ओळखीच्या चार मुलांना प्रती दिल्या. मुलांना ‘कशी वाटली?’ विचारू नका, ती ‘छान’ म्हणतात. मी सांगितलं, वाचताना जिथे पुस्तक खाली ठेवाल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. तिघांची रेघ अकराव्या प्रकरणात, आजोबांच्या दोन पानी उपदेशावर. तो मी त्याच दिवशी काढला. चौथी मुलगी शेवटपर्यंत पोचली होती. दादा परत येतो, धाकटा धावत जाऊन त्याला मिठी मारतो. तिने विचारलं, “याला राग कसा येत नाही?”

मी काहीतरी उत्तर दिलं आणि तीन महिने ती फाइल उघडली नाही.

एकोणिसाव्या वर्षी मीही घर सोडलं होतं. माझा भाऊ तेव्हा बारा वर्षांचा. त्याने मला कधी जाब विचारला नाही, आणि कादंबरीतल्या धाकट्यालाही मी तो विचारू दिला नव्हता. तीन खर्डे झाले, निवेदक बदलला, तरी पुस्तक मोठ्या भावाच्याच सोयीचं राहिलं होतं.

शेवटी भावाला फोन केला. म्हटलं, मी गेलो तेव्हाचं तुला काय आठवतं? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सायकलच्या कुलपाची किल्ली तुझ्या खिशात गेली. बाबा कुलूप तोडणार होते, मी तोडू दिलं नाही. दोन महिने शाळेत चालत गेलो.”

त्याला विचारून ती किल्ली मी चौथ्या खर्ड्यात पहिल्याच प्रकरणात आणली. त्याबरोबर मधली सहा प्रकरणं निरुपयोगी झाली, कारण आता मुलाकडे रोज सकाळी करण्यासारखं काहीतरी होतं: कुलूप बघायचं आणि चालायला लागायचं. शेवटची मिठी गेली. दादा किल्ली पुढे करतो, आणि मुलगा ती घेत नाही.

पाचव्यात फक्त शब्द, विरामचिन्हं आणि नावांचे घोळ.

छापायला देण्याआधी प्रत भावाकडे पाठवली. पंधरा दिवसांनी परत आली. आत पेन्सिलीची एकच खूण होती, पान नऊवर: सायकल हिरवी होती, लाल नाही. ती दुरुस्ती केली.