घरांतील इंटरनेटचा वेग कसा मोजावा?

जुन्नर तालुक्यांतील कुकडीकांठच्या बोरी बुद्रुकहून खोडदची महाकाय रेडिओ-दुर्बीण फारशी लांब नाहीं. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशांतील अतिक्षीण लहरी मोजतात. आणि आम्ही मात्र घरांत येणाऱ्या इंटरनेटचा वेगहि न मोजतां दरमहा पैसे भरतों!

‘१०० मेगाबिट’ ह्या शब्दानें पुष्कळांची फसगत होते. ८ बिटांचा १ बाइट. म्हणून हा वेग पुरा मिळाला तरी सेकंदास साडेबारा मेगाबाइटच उतरतात.

मोजतांना संगणक तारेनें राउटरला जोडावा, घरांतील इतर यंत्रें थांबवावींत, आणि सकाळीं, दुपारीं व रात्रीं आंकडे टिपावेत. तारेवर वेग पुरा पण वाय-फायवर कमी, तर दोष बहुधा भिंतींचा वा अंतराचा. तारेवरहि सतत कमी, तर कंपनीस जाब विचारावा. चढता वेग व विलंब हेहि पाहावेत. मुलांचा ऑनलाइन वर्ग अडखळतो तो पुष्कळदां त्यांच्यामुळें.

२०२३ पासून सरकारी व्याख्येप्रमाणें ब्रॉडबँडचा किमान उतरता वेग सेकंदास २ मेगाबिट आहे. चार दिवसांच्या नोंदींची वही हातीं असली, म्हणजे तक्रारीस वजन येतें. आमच्या गृहिणी दूध मापून घेतात. मग हेंच न मापतां कां घ्यावें?