विश्लेषण : वाळवंटातला ‘माटिल्डा’ रणगाडा खरंच निळा होता का?

दुसऱ्या महायुद्धातील लढाया टेबलावर खेळण्याचा छंद, म्हणजेच ‘वॉरगेमिंग’, ब्रिटनमध्ये चांगलाच रुजला आहे. त्यासाठी लागणारे तळहातावर मावणारे रणगाडे खेळाडू स्वतः जोडतात आणि रंगवतात. मात्र १९४०-४१ मध्ये उत्तर आफ्रिकेत लढलेले ब्रिटिश रणगाडे रंगवायला घेतले, की एक प्रश्न हमखास येतो : त्यांच्यावरचा एक पट्टा निळा की राखाडी? प्रश्न किरकोळ वाटेल, पण एखादी चूक वर्षानुवर्षे कशी टिकते, हे त्यातून कळते.

टेबलावर किती मोठा रणगाडा?

फासे आणि मोजपट्टी घेऊन हा खेळ खेळतात. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम मांडले होते. आजच्या ‘फ्लेम्स ऑफ वॉर’मध्ये रणगाडे मूळच्या १/१०० आकाराचे असतात, तर ‘बोल्ट ॲक्शन’मध्ये साधारण १/५६. खरा माटिल्डा मार्क २ सुमारे ५.६ मीटर लांब होता. म्हणजे टेबलावर तो पहिल्या खेळात साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, तर दुसऱ्यात साधारण १० सेंटिमीटर भरतो.

रंग कोणते होते?

ते आघाडीवर अवलंबून आहे. फ्रान्समध्ये १९४० साली ब्रिटिश रणगाड्यांवर खाकी-हिरव्यावर गडद हिरवे पट्टे असत. २१ मे १९४० रोजी अरासजवळ जर्मनांवर चालून गेलेले माटिल्डा याच काळातले.

इजिप्त आणि लिबियाच्या उघड्या वाळवंटात हा हिरवा रंग निरुपयोगी होता. तिथे ‘कॉन्टर’ रंगसंगती आली. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ती ओळखली जाते. फिकट दगडी रंगावर ‘सिल्व्हर ग्रे’ आणि गडद ‘स्लेट’ रंगाचे, सरळ कडांचे तिरके पट्टे असे तिचे स्वरूप. रणगाड्याचा ठसठशीत आकार दुरून फुटलेला दिसावा, हा हेतू.

‘ऑपरेशन कंपास’ला ९ डिसेंबर १९४० रोजी निबेवा छावणीवरील हल्ल्याने सुरुवात झाली, तेव्हा माटिल्डांसोबत चौथ्या भारतीय डिव्हिजनची ११ वी ब्रिगेड होती. माटिल्डाचे चिलखत ७८ मिलिमीटरपर्यंत जाड होते. इटालियन रणगाडाविरोधी तोफांना ते भेदता आले नाही.

मग निळा आला कुठून?

त्या काळातील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांत पट्ट्यांचा आकार दिसतो, रंग नाही. नंतरच्या काळात संग्रहालयातील रणगाड्यांवर, चित्रांत आणि मॉडेलवर ‘सिल्व्हर ग्रे’च्या जागी फिकट निळा आला. मॉडेल करणाऱ्यांनी एकमेकांचे पाहून तोच उचलला.

ब्रिटिश अभ्यासक माईक स्टार्मर यांनी मूळ कागदपत्रे तपासून हा समज खोडला. ब्रिटिश प्रमाणित रंगांच्या यादीत सिल्व्हर ग्रे २८ व्या क्रमांकाचा आहे आणि तो हिरवट झाक असलेला फिकट राखाडी आहे.

रंगवायचा कसा?

- सुटे भाग कोमट साबणपाण्याने धुवावेत. साच्याच्या रेषा चाकूने खरवडाव्यात. रेझिन घासताना मास्क लावावा.
- प्रायमर मोकळ्या हवेत फवारावा. दमट हवेत तो खरबरीत बसण्याची भीती असते.
- आधी दगडी रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. मग मास्किंग टेप लावून पट्टे काढावेत. टेपची कड नखाने नीट दाबावी, नाहीतर रंग आत शिरतो.
- पातळ तपकिरी रंग खाचांमध्ये सोडावा. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने कडा उजळाव्यात.
- शेवटी चाकांवर आणि पट्ट्यांच्या साखळीवर धुळीचा रंग, आणि वर मॅट वार्निश.

लहान मॉडेलवर रंग आहे त्यापेक्षा गडद भासतो. त्यामुळे स्लेटमध्ये थोडा फिकट रंग मिसळण्याची पद्धत आहे.

बेस कशासाठी?

पातळ एमडीएफ किंवा प्लास्टिकच्या तुकड्यावर रणगाडा बसवला, की खेळताना हात बेसला लागतो, रंगाला नाही. बेसवर पांढरा गोंद पसरून त्यावर चाळलेली वाळू आणि बारीक खडे टाकतात. इथेही एक सवयीची चूक होते : सगळीकडे पिवळ्या वाळूच्या टेकड्या दाखवल्या जातात. प्रत्यक्षात या लढाया झाल्या तो बराचसा भाग कडक, खडकाळ आणि खुरट्या झुडपांचा होता. म्हणून खडे जास्त आणि सुके गवत दोन-तीन ठिकाणीच ठेवावे.

एका पट्ट्याने काय बिघडते?

खेळाचा निकाल बदलत नाही. पण रंगवलेले मॉडेल बघणाऱ्याला पुरावाच वाटतो, आणि पुढचा माणूस त्यावरूनच रंगवतो. निळा पट्टा याच वाटेने इतका काळ टिकला. त्यामुळे रंगाची बाटली उघडण्याआधी दुसऱ्याचे मॉडेल नव्हे, तर मूळ रंगाचे नाव आणि क्रमांक बघावा.