उणे १९६ अंशांचा जमाखर्च

क्रायोनिक्स म्हणजे मृत्यूनंतर देह द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवणं, पुढे कधीतरी विज्ञान उठवेल या आशेवर. सगळे विचारतात, माणूस खरंच उठेल का? मला त्याहून थरारक वाटतो खजिनदाराचा प्रश्न: शंभर-दोनशे वर्षं बिल कोण भरणार?

या टाक्यांना वीज लागतच नाही! उणे १९६ अंशांचा नायट्रोजन हळूहळू उडून जातो आणि तो वरचेवर भरावा लागतो, एवढंच. म्हणजे दिवे गेले तरी चालतील, पण तिजोरी रिकामी झालेली चालत नाही. अल्कोर या संस्थेत तर देह डोकं खाली, पाय वर असे ठेवतात. नायट्रोजन कमी पडलाच, तर मेंदू सगळ्यात शेवटी उघडा पडावा म्हणून.

तिजोरी रिकामी झाली की काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थने दाखवलं. तिथल्या दफनभूमीच्या तळघरात देह ठेवलेले, आणि खर्चाची भिस्त नातेवाइकांच्या पैशांवर. पैसे यायचे थांबले, नायट्रोजन बंद झाला, आणि १९७९ मध्ये उघडकीला आलं की नऊ देह केव्हाच वितळले होते. आज नियम कडक आहे: सगळ्या रकमेची तरतूद आधी.

एवढी रक्कम आणायची कुठून? बहुतेक सभासद आयुर्विमा काढतात आणि लाभार्थी म्हणून संस्थेचं नाव लावतात. तरुणपणी काढला, तर हप्ता नोकरदारालाही झेपतो.

आता खरी मेख. १९७२ मध्ये सुरू झालेली आणि आज अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये असलेली अल्कोर पूर्ण देहासाठी बरीच वर्षं दोन लाख डॉलर घेत होती. त्यातले ६०,००० प्रत्यक्ष गोठवण्याच्या प्रक्रियेला, २५,००० अंथरुणाजवळ सज्ज राहणाऱ्या पथकाच्या निधीला, आणि तब्बल १,१५,००० ‘रुग्णां’च्या, म्हणजे गोठवलेल्या देहांच्या, न्यासात. हा न्यास १९९७ मध्ये मुद्दाम वेगळा काढला, म्हणजे संस्थेच्या रोजच्या अडीअडचणींत त्या पैशाला हात लागू नये. देवस्थानाच्या कायम ठेवीसारखंच: व्याजावर अभिषेक, मुद्दल शाबूत. १,१५,००० वर वर्षाला दोनच टक्के काढले, तर हाती येतात २,३०० डॉलर; उरलेला परतावा महागाईशी झुंजायला ठेवायचा. लोभ आवरणारा हा हिशेब मला फार सुंदर वाटतो.

फक्त डोकं ठेवायचं असेल, तर तेव्हाचा दर ८०,००० आणि न्यासाचा वाटा २५,०००. कारण सरळ आहे: एका मोठ्या टाकीत चार पूर्ण देह आणि मधल्या जागेत पाच डोकी मावतात; नुसती डोकीच ठेवली तर ४५!

मिशिगनमधल्या क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचा दर ऐकून मात्र चमकायला होतं: आजीव सभासदाला २८,००० डॉलर. एकदाच १,२५० भरून आजीव व्हायचं, नाहीतर वर्षाला १२० भरत राहायचं. मग गोठवण्याचा दर ३५,०००. संस्थेने फायबरग्लासच्या टाक्या स्वतःच बनवल्या, आणि तातडीने धावून येणारं पथक या दरात नाही. हवं तर सभासदाने वेगळे पैसे मोजायचे. २००४ मध्ये राज्य सरकारने या संस्थेला दफनभूमीच्या नियमांखाली आणलं.

सगळ्यात चिवट दुखणं जुन्या सभासदांचं. ज्यांनी पूर्वीच्या दराने नाव नोंदवलं, त्यांचा विमा तेवढाच राहिला. नायट्रोजन आणि पगार मात्र वाढत गेले. दिलेला शब्द पाळायचा, तर तूट देणग्यांतून नाहीतर इतरांच्या वर्गणीतून भरायची. अल्कोरला हा पेच वर्षानुवर्षं पुरला.

मिशिगनच्या इन्स्टिट्यूटमध्ये असे निर्णय घेणारं संचालक मंडळ सभासदच मतदानाने निवडतात. संस्थेचे संस्थापक, भौतिकशास्त्राचे शिक्षक रॉबर्ट एटिंगर यांनी १९७७ मध्ये पहिला देह ठेवला तो स्वतःच्या आईचा. मग दोन्ही पत्नींचे, आणि २०११ मध्ये ते स्वतःही तिथेच दाखल झाले, तशाच ठेवीच्या व्याजावर.