देव न मानणाऱ्याचे बळ

देवावर श्रद्धा नसेल तर माणसाने जगावे कशासाठी, असे आपण सहज विचारतो; आणि याला उत्तरच नाही, असे मनाशी धरूनही चालतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे चरित्र वाचले म्हणजे ही समजूत डळमळू लागते. रघुनाथराव निखालस नास्तिक. संततिनियमनाचा प्रचार सोडण्यापेक्षा १९२५ साली त्यांनी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडली. १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले, वर्गणीदार थोडे, पदरमोड मात्र चालूच. तरी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालविले. (पत्नी मालतीबाईंनी या संसाराचा भार उचलला, हे सांगायचे आपण बहुधा विसरतो!) पुण्य साठवायला परलोक नाही, नाव चालवायला मूलही नाही; मग हे बळ आले कोठून? आम्हांला वाटते, वरचेवरच्या बाळंतपणांनी खंगलेली बाई त्यांना डोळ्यांपुढे दिसत असावी, आणि तेवढे त्यांना पुरे होते. पण सश्रद्ध माणसाला दुःखात देवापाशी जो विसावा मिळतो, तो या वाटेवर नाही. मूल गेलेल्या आईजवळ बसून नास्तिकाने काय बोलावे, हे आम्हांला या चरित्रात सापडलेले नाही.