गडावरची दोराची गाडी

आज बचतीचं नाही, कर्जाचं नाही, एका गाडीचं बोलणार आहे.

गेल्या वर्षी आमच्या गटाच्या बैठकीत हिशेब संपला आणि सप्तशृंगीला जायचं निघालं. सगळ्यांनी नावं दिली, एक मावशी मात्र गप्प. तरुणपणी त्या वर्षाआड गडावर जायच्या. गुडघे गेले तसं जाणं सुटलं. कुणीतरी म्हणालं, “मावशी, आता ट्रॉली झाली, पायऱ्या चढायचं कामच नाही.” मावशी म्हणाल्या, “दोरावर चालती ना ती? दोर तुटला तं काय करता माय?”

सगळ्या हसल्या. मला हसता आलं नाही, कारण उत्तर मलाही येत नव्हतं. मग चार ठिकाणी विचारलं, वाचलं. तेच आज सांगते.

आधी गडाचं. साडेतीन पीठांपैकी तुळजापूर आणि माहूर आपल्या मराठवाड्यात, कोल्हापूर तिकडं दूर, आणि अर्धं पीठ हे वणीचं, नाशिक जिल्ह्यातल्या कळवण तालुक्यात. नांदुरीहून घाटानं गाडी गडावरच्या गावात जाते. देऊळ त्याच्याही वर, उभ्या कड्याच्या पोटात. गाव खाली, देवी वर आणि मध्ये पाचशेच्या आसपास पायऱ्या. या पायऱ्या उमाबाई दाभाडे यांनी बांधल्या असं सांगतात. उमाबाई म्हणजे सेनापती दाभाड्यांच्या घरातली सून, नवरा आणि मुलगा गेल्यावर स्वतः फौज घेऊन गुजरातच्या मोहिमेवर गेलेली बाई. माहेर त्याच तालुक्यातल्या अभोण्याचं. एका बाईनं बांधलेल्या वाटेवरून आपण जातो, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

ज्यांना चढवत नाही त्यांनी डोली करायची किंवा खालूनच हात जोडायचे, असं वर्षानुवर्षं चाललं. २०१८ मध्ये ही ट्रॉली सुरू झाली. तीन-चार मिनिटांत माणूस वर. कागदावर तिचं नाव फ्युनिक्युलर. हा शब्द लॅटिनमधल्या बारीक दोराच्या नावावरून आला. म्हणजे आपली मावशी म्हणाली तेच, दोरावरची गाडी.

रायगडावर आहे तो रोप-वे वेगळा, त्याचा पाळणा हवेत लटकतो. माथेरानची छोटी रेल्वे रुळांवर असते, पण तिला इंजिन ओढतं. ही ट्रॉली रुळांवरच असते, तिच्यात इंजिन नसतं, आणि तिला वरून दोर ओढतो. दोर म्हणजे पोलादी तारांचा पीळ.

आता खरी गंमत. आपल्या विहिरीवरचा रहाट आठवा. एकच पोहरा असला की सगळं वजन आपल्या दंडावर. पण त्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पोहरा बांधला तर? रिकामा खाली जातो, भरलेला वर येतो. पोहऱ्याचं वजन पोहरा तोलतो, आपल्याला फक्त पाणी ओढावं लागतं. या गाड्यांचं अगदी हेच आहे. दोराच्या दोन टोकांना दोन डबे, दोर वरच्या मोठ्या चाकावरून गेलेला. एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. वर जाणाऱ्या डब्यात चाळीस बाया आणि खाली येणाऱ्यात तीस असल्या, तर मोटारीला दहा बायांचंच वजन उचलायचं, वर थोडी घासाघीस.

बऱ्याच ठिकाणी रूळ एकच टाकतात आणि बरोबर मध्यावर त्याला दोन फाटे देतात. दोर एकच असल्यामुळं दोन्ही डबे दर वेळी तिथंच समोरासमोर येतात, चुकामूक होतच नाही.

ही युक्ती जुनी आहे. परदेशात डोंगरउतारावर वसलेली शहरं पुष्कळ, बाजार खाली आणि वस्ती वर. फ्रान्समध्ये ल्याँ शहरात १८६२ साली अशी गाडी सुरू झाली, ती रेशीम विणणाऱ्या कारागिरांच्या टेकडीवर जायची. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर गावातली तर ऐकाच. ती १८९९ पासून खालच्या पेठेला वरच्या पेठेशी जोडते, आणि तिला वीज ओढत नाही, डिझेल नाही. वरच्या डब्याखालच्या टाकीत वरच्या वस्तीचं सांडपाणी भरतात. तो डबा जड होऊन खाली येतो, दुसऱ्याला वर ओढतो, आणि खाली आल्यावर पाणी सोडून देतो. आजही चालते. आपल्याकडं सांडपाणी रस्त्यावर सोडतात, तिथं त्यावर माणसं वर नेतात. वास येतो म्हणे थोडा.

सप्तशृंगीची गाडी देशातली पहिली, असं पेपरात येतं. पण तमिळनाडूत पळणीच्या मुरुगन देवाच्या डोंगरावर १९६६ पासून दोरानं ओढायची गाडी आहे, तिला तिथले लोक विंच म्हणतात. पहिली कोणती हा वाद मला काही महत्त्वाचा वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला देव दिसतो, हे खरं.

आता मावशीचा प्रश्न. दोर तुटला तर?

पहिलं म्हणजे हा दोर डब्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार सोसेल असा घेतात. एखादी तार तुटली तरी पीळ टिकतो, आणि तपासणीत तुटलेल्या तारा दिसून येतात. दुसरं, नव्या पद्धतीच्या गाड्यांत डब्यालाच वेगळा ब्रेक असतो. दोर सैल झाला किंवा वेग वाढला की तो आपोआप रुळाला पकडतो. आपण बैलगाडी उताराला लागली की चाकाखाली दगड लावतो ना, तसं, फक्त इथं माणसाची वाट बघावी लागत नाही.

पण तुम्हाला अर्धंच सांगणार नाही. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. तिथली अशीच एक गाडी १८८५ पासूनची, शहराची शान. ३ सप्टेंबर २०२५ ला तिचा दोर डब्याला जिथं जोडलेला होता तिथूनच सुटला. डबा उतारावरून घसरत गेला आणि सोळा माणसं गेली. त्या दिवशी सकाळी पाहणी झाली होती. पण दोर निसटला ती जागा डब्याखाली झाकलेली, उघडल्याशिवाय दिसत नाही. आणि दोर गेल्यावर उरलेल्या ब्रेकांना डबा धरवला नाही.

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा दोघीतिघी म्हणाल्या, मग कशाला भीती घालतेस? मावशी म्हणाल्या, “सांगू दे. ठाऊक असलं म्हंजी इचारता येतं.” काय विचारायचं ते त्यांनीच ठरवलं. दोर शेवटचा कधी तपासला, जोड उघडून बघितली का, आणि गर्दीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं कोंबता का.

मग आम्ही गेलो. कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, मालेगाव, कळवण, नांदुरी. ट्रॉलीच्या फाटकावरच मावशींनी तिथल्या माणसाला तिन्ही प्रश्न विचारले. तो जरा चपापला, पण हसला आणि सांगत बसला. मध्यावर समोरून दुसरी ट्रॉली खाली गेली तशी मावशी मला म्हणाल्या, “तो बघ आपला रिकामा पोहरा.” रिकामा कसला, भरलेला होता.

येताना मी पायऱ्यांनी उतरले. पहिल्या पायरीजवळ ओटीचं सामान विकणाऱ्या एका बाईशी बोलले. ती म्हणाली, ट्रॉलीनं जाणारं माणूस माझ्यासमोरून जातच नाही, तरी उतरताना बरेच जण पायऱ्यांनी येतात, तेवढ्यावर भागवते. तिच्याकडून आम्ही अकरा ओट्या घेतल्या, दर्शन होऊन गेलं होतं तरी.

तुमच्या गटाला जायचं असेल तर चैत्रातली यात्रा आणि नवरात्र टाळा. खानदेशातून पायी येणाऱ्यांचीच तेव्हा एवढी गर्दी असते की ट्रॉलीची रांग पायऱ्यांपेक्षा लांब होते. मधल्या एखाद्या साध्या वारी जा, गुडघेवाल्यांना ट्रॉलीनं पाठवा, आणि बाकीच्यांनी उमाबाईंच्या वाटेनं चढा.