विश्लेषण : जेंडर स्टडीजमध्ये एमए करून पुढे काय? बीडच्या ‘कोयत्या’तून समजून घ्या

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे रिकामी होऊ लागतात. ऊसतोड मजूर ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादम मजूर मोजतो, पण माणसांवर नाही, ‘कोयत्यां’वर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीच्या नावावर मिळते आणि हिशेब सहसा नवऱ्याशीच होतो.

तोडलेला ऊस गोळा करणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहून नेणे ही कामे प्रामुख्याने बाई करते. त्याआधी पहाटे उठून स्वयंपाक असतोच. पण तिची स्वतंत्र मजुरी किती, हे कुठेच लिहिलेले नसते.

जेंडर स्टडीज म्हणजेच स्त्री अभ्यास किंवा लिंगभाव अभ्यास नेमका इथून सुरू होतो. पदवीनंतर या विषयात एमए करता येते, हे बीडमधील अनेक विद्यार्थ्यांना माहीतही नसते. ज्यांना माहीत आहे, त्यांना घरून एकच प्रश्न विचारला जातो, ‘नोकरी कुठे लागणार?’ दोन्ही गोष्टी समजून घेऊया.

बीडचा आणि या विषयाचा संबंध काय?

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. तीन वर्षांत जिल्ह्यात अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिली. त्यानंतर विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली. त्यातील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे साधारण १७ टक्के.

तुलनेसाठी, चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण देशात सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्याने आकडे तंतोतंत जुळवता येत नाहीत, पण फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

डॉक्टर याकडे शस्त्रक्रिया म्हणून पाहील, पोलीस गुन्हा म्हणून. जेंडर स्टडीजचा विद्यार्थी आणखी मागे जातो. फडावर शौचालय आणि पाणी का नाही? पाळीच्या दिवसांत बाईने सुट्टी घेतली तर ‘खाडा’ पूर्ण जोडीचा का धरला जातो? उचल फिटेपर्यंत काम थांबवता येत नसेल, तर ‘गर्भाशय काढून टाका, त्रास संपेल’ हा सल्ला नाकारणे तिला कितपत शक्य असते? या कामात भूमिहीन आणि ठरावीक समाजांतील कुटुंबेच जास्त का? मजुरी, आरोग्य, जात आणि कुटुंब हे धागे एकत्र पाहणे म्हणजे हा अभ्यास.

आणखी दोन आकडे बीडचे आहेत. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलांमागे जिल्ह्यात फक्त ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये हाच आकडा ८९४ होता. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के महिलांचे लग्न १८ वर्षांआधी झाले होते. राज्याची सरासरी २१.९ टक्के आहे. स्थलांतर करताना मुलीला मागे कुणाकडे ठेवायचे ही आई-वडिलांची चिंता आणि लग्न झाले की नवा ‘कोयता’ तयार होतो हा हिशेब, दोन्ही यामागे आहेत.

अभ्यास कुठे करता येतो?

१९७४ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल आला आणि देशातील स्त्रियांच्या स्थितीचे वास्तव समोर आले. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने देशातील पहिले स्त्री अभ्यास संशोधन केंद्र सुरू झाले. या विषयाची भारतातील वाट अशी महाराष्ट्रातून निघाली.

• सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ : येथील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र १९८७ पासून कार्यरत आहे. शर्मिला रेगे यांनी येथे जात आणि लिंगभाव एकत्र शिकवण्याची परंपरा रुजवली. लिंगभाव, संस्कृती आणि विकास या विषयात एमए करता येते.

• टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मुंबई : स्त्री अभ्यासात एमए. क्षेत्रभेटींवर भर.

• इग्नू : घरी राहून, नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने एमए करण्याचा पर्याय.

• डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर : बीडसाठी सर्वांत जवळचे. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांच्या नावाने येथे स्त्री अभ्यास केंद्र आहे.

एमएसाठी साधारणपणे कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीए असणे गरजेचे नाही. मुलांनाही प्रवेश मिळतो. प्रवेश परीक्षा, शुल्क आणि जागा दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठाचे ताजे माहितीपत्रक पाहावे.

पुढे काय करता येते?

• प्राध्यापकी आणि संशोधन : यूजीसी-नेटमध्ये ‘वूमन स्टडीज’ हा स्वतंत्र विषय आहे. नेटसाठी एमएला ५५ टक्के गुण लागतात, आरक्षित प्रवर्गांना ५० टक्के. जेआरएफ मिळाल्यास संशोधनासाठी सुरुवातीला दरमहा ३७ हजार रुपये मिळतात.

• सामाजिक संस्था : आरोग्य, बालविवाह, स्थलांतर, शेतकरी महिला या विषयांवरील पाहणी, प्रशिक्षण आणि मूल्यमापन. महिला किसान अधिकार मंचाने (मकाम) ऊसतोड महिलांवर केलेला अभ्यास हे याच कामाचे उदाहरण.

• सरकारी योजना : महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम), उमेद अभियान, सखी वन स्टॉप सेंटर. यातील अनेक पदे कंत्राटी असतात.

• कंपन्या आणि कार्यालये : २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. समितीत बाहेरचा एक जाणकार सदस्य लागतो आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणही द्यावे लागते. असंघटित कामगार महिलांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते.

निर्णय घेण्याआधी हे लक्षात ठेवा

ही पदवी घेतली की नोकरी ठरलेली, असे नाही. प्राध्यापकांच्या जागा कमी आहेत. एमपीएससीतून महिला व बालविकास विभागात जाता येते, पण त्यासाठी या एमएला वेगळे गुण मिळत नाहीत. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत जेंडर स्टडीज नाही. जवळचा विषय समाजशास्त्र आहे.

दुसरी अडचण भाषेची. बरेचसे वाचन इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिले सत्र जड जाऊ शकते. त्यामुळे मराठीत उत्तरपत्रिका लिहिता येते का, मराठी वाचनसाहित्य मिळते का, हे प्रवेशाआधीच विचारावे.

म्हणूनच एमएच्या दोन वर्षांत एक कौशल्य पक्के करावे. आकडेवारीचे विश्लेषण, मुलाखती घेऊन अहवाल लिहिणे किंवा कायद्याचे प्रशिक्षण देणे, यापैकी काहीही चालेल. नोकरी देणारा पदवीच्या नावापेक्षा हेच पाहतो.

बीडच्या विद्यार्थ्याकडे मात्र एक गोष्ट आधीपासून असते. फड, खाडा, उचल हे शब्द त्याला पुस्तकात शोधावे लागत नाहीत. त्यातल्या अनेकांची आई त्याच कोयत्याचा अर्धा भाग असते. तिच्या वाट्याची मजुरी किती, हा हिशेब मांडायला शिकवणारा विषय त्यांच्यासाठी दूरचा नाही.