बोलणारे पुस्तक आणि ऐकणारे मूल

अंगणवाडीत जाणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला दहा-बारा बडबडगीते सहज तोंडपाठ असतात. हातवारे करत, ठेका न चुकवता ते ती म्हणते. पण त्याच गाण्यातला एखादा शब्द फळ्यावर लिहून दाखवला, तर त्याच्या दृष्टीने त्या नुसत्या रेघोट्या असतात. कानाला पूर्ण परिचयाचा आणि डोळ्याला पूर्ण अपरिचित अशा या शब्दाची दोन रूपे एकमेकांना जोडून देणे, हे बोलक्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकाचे खरे काम आहे. ते काम पुस्तक करते की नाही, हे शिक्षकाला तपासता आले पाहिजे.

प्रथम गाण्याचा आणि वाचनाचा संबंध पाहू. ऑक्सफर्ड विद्यापीठातील लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या ४०३ मुलांना एक साधा खेळ दिला. मराठीत तो असा होईल: फूल, मूल, चूल, पान, यातला वेगळा शब्द कोणता? यासाठी शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्याचा आवाज फोडावा लागतो. ज्यांना हा खेळ चांगला जमला, ती मुले पुढे वाचनातही चांगली निघाली. मग ज्यांना तो जमत नव्हता अशांपैकी ६५ मुले निवडून त्यांचे चार गट केले. एका गटाला दोन वर्षे अधूनमधून केवळ आवाजांचे खेळ दिले. दुसऱ्या गटाला तेच खेळ दिले, पण सोबत प्लॅस्टिकची अक्षरे हाताळायला दिली. तिसऱ्या गटाने चित्रांची अर्थानुसार वर्गवारी केली आणि चौथ्याला काहीच दिले नाही. सर्वांत पुढे गेला तो दुसरा गट. नुसत्या आवाजांच्या खेळांचा लाभ त्या मानाने बेताचाच होता. हे निष्कर्ष १९८३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले.

आवाज आणि अक्षर एकाच वेळी भेटले पाहिजेत, हा या प्रयोगाचा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. बोलक्या पुस्तकात नेमके हेच साधता येते. गाणे सुरू होते आणि जो शब्द कानावर पडतो तोच पानावर रंग बदलतो. यामागची युक्ती सोपी आहे. पुस्तकात मजकुराची एक फाईल असते, आवाजाची दुसरी, आणि तिसरीत असते एक वेळापत्रक: अमुक शब्द इतक्या सेकंदाला सुरू होतो, तितक्या सेकंदाला संपतो. आगगाडीच्या वेळापत्रकासारखेच, फक्त येथे गाडी पाव-अर्ध्या सेकंदाने स्थानक बदलते. इलेक्ट्रॉनिक पुस्तकांच्या 'ईपब ३' या २०११ सालच्या मानकात ही सोय आहे. मुळात ती अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांकडून आलेली आहे.

इंग्रजी पुस्तकाचे हे तंत्र मराठीला जसेच्या तसे लावले की घोटाळा होतो. 'चिमणी' हा शब्द घ्या. डावीकडून एकेक चिन्ह उजळत गेले तर आधी वेलांटी उजळेल आणि मग च. उच्चार मात्र उलट क्रमाने होतो. गंमत अशी की संगणकाच्या स्मृतीत आधी च आणि नंतर वेलांटी असाच क्रम असतो. पडद्यावर दाखवताना वेलांटी पुढे आणली जाते. म्हणून आपल्याकडे उजळण्याचे एकक सुटे चिन्ह नव्हे, पूर्ण अक्षर हवे: चि, म, णी.

येथे आणखी एक अडचण येते आणि गाणे ती सोडवते. बोलताना आपण 'चिम्णी' म्हणतो. मधल्या म मधला अ गिळून टाकतो. मुलाला ऐकू येतात दोन तुकडे, पानावर दिसतात तीन अक्षरे. गाताना मात्र ठेक्यासाठी पुष्कळदा हा गिळलेला अ परत येतो आणि प्रत्येक अक्षराला आपापली मात्रा मिळते. वाचायला शिकवताना आपण शब्द सावकाश फोडून म्हणतो, ते गाणे आपसूक करते. मराठी बडबडगीत हे नुसते करमणुकीचे साधन नाही, असे आम्हांला वाटते ते यामुळे. संगणकाने तयार केलेल्या आवाजाकडून हे काम करून घेऊ नये. 'चमचा' आणि 'चिमणी' यांतला च लिहायला एकच, उच्चाराला वेगळा. तेथे यंत्र अडखळू शकते आणि मूल ती चूक विश्वासाने उचलते.

आता पुस्तकातल्या कळांविषयी. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यात एका अंगणवाडीत आम्ही असे एक पुस्तक मुलांसमोर ठेवले होते. चित्रातल्या कावळ्याला बोट लावले की तो ओरडून उडे. एका मुलीने तो इतक्या वेळा उडवला की गाणे दुसऱ्या ओळीपुढे गेलेच नाही. "ताई, काऊ परत," एवढेच तिचे चालले होते. ताईंनी सांगितल्यावरही तिची नजर अक्षरांकडे वळली नाही. यात दोष मुलीचा नाही. झोफिया टाकाच, एलिस स्वार्ट आणि आद्रियाना बस या संशोधिकांनी २०१५ मध्ये अशा पुस्तकांवरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. गोष्टीशी जुळणारी हलती चित्रे आणि आवाज आकलनाला मदत करतात, पण मध्येच उघडणारे खेळ आणि टिचकीसरशी होणाऱ्या गमती लक्ष विचलित करतात, असे त्यात दिसून आले. 'संवादी' या विशेषणाला भुलू नये. कावळ्याऐवजी 'का' या अक्षराला बोट लावल्यावर तो ओरडला असता, तर तीच हौस कामी आली असती.

पाथर्डी, शेवगाव भागातून ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे घर सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. लहान मुले आईबापांबरोबर जातात आणि अंगणवाडी मागे राहते. फोन बहुधा बरोबर असतो. इंटरनेटशिवाय चालणारे, दोन-चार गाण्यांचे पुस्तक त्या फोनमध्ये आधीच भरून दिले, तर कोपीवरही रोज दहा मिनिटे अक्षरांची भेट होईल. दहा मिनिटे मुद्दाम म्हटले. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, त्याहून कमी तितके बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे; आणि दिवसभर तोडणी करून आलेल्या आईला मुलाजवळ बसायला याहून जास्त वेळ कोठून मिळणार?

असे पुस्तक शाळेतही करता येते. गाणे ताईंच्या किंवा एखाद्या आजीच्या आवाजात, तिच्या बोलीत ध्वनिमुद्रित करावे. एका पानावर एकच ओळ, ठळक टंकात. वेळापत्रक भरताना घाई करू नये. रंग आवाजाच्या मागे पडला तर मूल चुकीचे अक्षर चुकीच्या आवाजाशी जोडते. वरच्या वर्गातली मुले हे काम आवडीने करतात आणि त्यांना आपल्याच भाषेतला गिळलेला अ सापडतो, हा वेगळा लाभ.

पुस्तक मुलांच्या हाती आठ-दहा दिवस राहिल्यावर एक चाचणी घ्यावी. आवाज बंद करावा, चित्र हाताने झाकावे आणि मुलाला ओळ दाखवून विचारावे, "यात चिऊ कुठे आहे?" बोट कोठे जाते ते पाहावे. ते पुन्हा हाताखालचे चित्र शोधू लागले, तर पुस्तक बदलावे; मुलाला दोष देऊ नये.